सहा बंद घड्याळं

माझ्या दुकानाच्या भिंतीवर एकेचाळीस घड्याळं आहेत. त्यातली बरोबर वेळ दाखवणारी तीन. बाकीची गिऱ्हाइकांची, दुरुस्तीला आलेली. तरीही सगळा बाजार मला ‘राइट टाइम’ म्हणतो. दुकान नवीन होतं तेव्हा मी रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला, त्याने विचारो न विचारो, वेळ सांगत असे. लोकांनी चेष्टेने नाव ठेवलं आणि मी ते कौतुक समजून पाटीवर रंगवून घेतलं. बायको म्हणते, “तुमच्यात खोड एकच. न विचारता करायचं.” एकच आहे हे खरं, पण त्या खोडीला आजवर कधी सेल बदलावा लागलेला नाही.

ह्या खोडीपायी मी एका भल्या माणसाची नोकरी आणि राहती खोली घालवायची वेळ आणली होती. तेही देवाच्या घरात. आणि देवसुद्धा माझा नव्हे, शेजाऱ्यांचा.

माझ्या दुकानाला लागून मास्तरचं शिवणकामाचं दुकान आहे. मधे नुसती फळ्यांची भिंत. त्याचं मशीन सुरू झालं की माझ्या टेबलावरचे स्क्रू नाचायला लागतात. मास्तरचे वडील, म्हणजे आम्हा सगळ्यांचे चाचा, दिवसभर दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेले असतात. चाचा शाळेत शिपाई होते, जन्मभर त्यांनी तासांची घंटा दिली. आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि कानांनी जवळजवळ काही ऐकू येत नाही, पण वेळेच्या बाबतीत माणूस अजून पक्का. रस्त्याच्या टोकाला मशीद आहे. तिथून दिवसातून पाच वेळा नमाजाची हाक येते, तिला बांग म्हणतात, आणि ती देणारे ते बांगीसाहेब. बावीस वर्षं ही हाक माझ्या कानांवरून जात होती. मी तिचा उपयोग एकच केला होता. दुपारची बांग झाली की डबा उघडायचा.

त्या बुधवारी सकाळी बांगीसाहेब दुकानात आले. सत्तरीचा माणूस, बोलणं इतकं हळू की ह्यांच्याच गळ्यातून ती हाक निघते हे खरं वाटू नये.

“राइट टाइम, मशिदीतलं मोठं घड्याळ दहा मिनिटं मागे पडतंय. येऊन बघाल का जरा?”

मास्तर तेव्हा शाळेचे गणवेश पोचवायला गेला होता. तो असता तर गंमत बघायला माझ्याबरोबर आला असता आणि पुढचं काही झालंच नसतं. मी पेटी उचलली आणि निघालो.

आत पाय ठेवला तर सगळीकडे चटया आणि कुठे धुळीचा कण नाही. मी सवयीने देव कुठे आहे ते शोधलं. मूर्ती नाही, तसबीर नाही, समोर नुसती भिंत आणि तिच्यात एक कोनाड्यासारखी कमान. नमस्कार कुठे करायचा ते न कळल्यामुळे मी घड्याळालाच केला. बांगीसाहेबांनी घड्याळं लावलेला फळा दाखवला आणि ते गच्चीवर पाण्याची टाकी धुवायला गेले.

फळ्यावर सात घड्याळं होती. मधलं मोठं तेवढं चालत होतं. भोवतीची सहा लहान घड्याळं बंद. तीही प्रत्येक निराळ्या वेळेला बंद पडलेलं. एक साडेपाचला, एक दीडला, एक सव्वापाचला. प्रत्येकाखाली काहीतरी लिहिलेलं होतं, पण ती लिपी मला येत नाही. मला अगदी भरून आलं. मनात म्हटलं, काय हे लोक! एवढी झाडलोट करतात, आणि सहा घड्याळं मरून पडलीत त्याचा कुणाला पत्ता नाही. मोठ्या घड्याळाचं काम दहा मिनिटांत उरकलं आणि मी बाह्या सरसावल्या.

मागून उघडली तर एकाही घड्याळात सेल नाही. शहाण्या माणसाला इथे प्रश्न पडला असता, की सहाच्या सहा घड्याळांतले सेल कुणी काढले आणि का. मला प्रश्न पडतच नाहीत. मी सहा नवे सेल घातले, दोन गंजकी मशीनं बदलली, काचा पुसल्या आणि सगळी घड्याळं मोठ्याशी जुळवून अकरा वाजून पाच मिनिटांवर लावली. सातही सेकंदकाटे एका तालात चालू लागले. ते बघताना मला इतकं समाधान वाटलं की काय सांगू. मग गच्चीकडे तोंड करून ओरडलो, “साहेब, झालं बरं का सगळं!” आणि देवाच्या दारात मजुरी कसली घ्यायची अशा तोऱ्यात त्यांची वाट न बघता चालता झालो.

जेवताना बायकोला म्हटलं, “आज मोठं पुण्य केलं.”

ती म्हणाली, “कुणी सांगितलं होतं?”

गुरुवारी सकाळी मी दुकान उघडतो न उघडतो तोच मास्तर कापडाची पट्टी गळ्यात टाकून समोर येऊन उभा राहिला. चेहरा लालबुंद.

“काय सांगू तुला! काल कुणा अकलेच्या कांद्याने मशिदीतल्या घड्याळांत सेल घातले.”

माझ्या हातातला चिमटा खाली पडला. मी तो शोधायला टेबलाखाली वाकलो आणि मुद्दाम तिथेच थोडा वेळ राहिलो.

“मग... चालली असतील ना घड्याळं?” टेबलाखालून मी विचारलं.

“अरे, तेच तर! ती चालायची नसतातच. चालतं ते फक्त मधलं. बाकीच्यांतली पाच म्हणजे दिवसाच्या पाच नमाजा. पहाटेची, दुपारची, उतरत्या दुपारची, सूर्य बुडाल्यावरची आणि रात्रीची. सहावं शुक्रवारच्या दुपारचं. कुठली नमाज किती वाजता उभी राहणार, ते काटे फिरवून लावून ठेवायचं. वेळा सूर्याप्रमाणे बदलतात, म्हणून बांगीसाहेब पंधरा दिवसांनी हाताने काटे सरकवतात. ते वेळापत्रक आहे बाबा, वेळापत्रक!”

म्हणजे मी वेळापत्रकाला चालायला लावलं होतं. तीस वर्षं घड्याळांत घालवलेल्या माणसाने.

पुढे झालं ते असं. दुपारच्या नमाजाला लोक आले तर सातही घड्याळांत एकच वेळ. बांगीसाहेबांना वाटलं, साफसफाईत काटे हलले असतील. गडबडीत, एक वाजून वीस मिनिटांनी, त्यांनी आठवणीने सगळे काटे पुन्हा जागेवर लावले. उतरत्या दुपारचं घड्याळ सव्वापाचला लावलं. आत सेल आहेत हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. लोक बांग ऐकून येतात, त्यांचं काही अडत नाही. पण चाचांना बांग ऐकू येत नाही, ते ह्या फळ्यावर चालतात. नमाजानंतर ते जपमाळ घेऊन बसले आणि दोनच्या सुमाराला निघताना त्यांनी फळा पाहिला. सव्वापाचचं घड्याळ तोवर चालत चालत सहावर आलेलं. चाचांना वाटलं, दिवस मोठा झालाय, वेळ पुढे ढकलली. ते पावणेसहाला मशिदीत पोचले, तेव्हा सगळे नमाज पढून घरी गेले होते.

“मग त्यांची नमाज चुकली?” मी टेबलाखालून बाहेर येत विचारलं.

“नमाज नाही चुकली, ती त्यांनी एकट्याने पढली. जमात चुकली. म्हणजे सगळ्यांनी एका रांगेत, खांद्याला खांदा लावून पढायची ती. एकोणीस वर्षं, अरे, नोकरीतून सुटल्यापासून एकोणीस वर्षं अब्बांची एक जमात चुकलेली नाही. तापात गेले, पाय मुरगळला तेव्हा माझ्या खांद्यावर हात टाकून गेले. काल घरी आल्यापासून एक शब्द बोललेले नाहीत.”

मी दारातून बाहेर पाहिलं. चाचा खुर्चीत बसले होते, दोन्ही हात काठीवर, नजर रस्त्यावर. मला खरंच रडू यायला लागलं.

“आणि बांगीसाहेब?”

“त्यांचं तर संपलंच म्हण. अध्यक्ष आधीच म्हणत होते, म्हातारा विसरायला लागलाय, नवा माणूस बघू. आता निमित्त मिळालं. उद्या शुक्रवारच्या नमाजानंतर बैठक आहे. काढलं तर मागची खोलीही सोडावी लागणार. घर ना दार, जाणार कुठे? सगळ्यांनी विचारलं, आत कोण आलं होतं? तर म्हणाले, किल्ली माझ्याकडे असते, चूक माझी.”

त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. मी त्याच क्षणी “मीच तो कांदा” असं म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण बाहेर आलं ते असं, “अरेरे, काय एकेक माणसं असतात!” चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलं होतं.

मग मी एक डाव टाकला. म्हटलं, आधी हा धर्म काय म्हणतो ते समजून घ्यावं. गुन्हा किती मोठा, शिक्षा काय, आणि कुठे पळवाट आहे का. मास्तरला म्हणालो, “मला जरा नीट सांग ना तुमचं सगळं. बावीस वर्षं शेजारी आहोत, मी कधी विचारलंच नाही.”

मास्तर माझ्याकडे बघतच राहिला. त्याचा राग कुठच्या कुठे गेला. मला आपल्या दुकानात नेऊन, स्टुलावर बसवून, चहा मागवून, समोर कापड पसरून, खडूने रेघा मारत तो सांगायला लागला. मी दुरुस्तीच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहून घेत होतो. इतका प्रामाणिक चेहरा करून इतका अप्रामाणिक विद्यार्थी त्या स्टुलावर कधी बसला नसेल.

“पहिली गोष्ट, अल्लाह एक. त्याला जोडीदार नाही, आईबाप नाहीत, मूलबाळ नाही, रूप नाही. त्याच्यासारखं दुसरं काहीच नाही. म्हणून मशिदीत तुला मूर्ती दिसणार नाही.”

“हो, मी शोधली ना,” असं माझ्या तोंडून निघून गेलं आणि मी लगेच खोकलो. “म्हणजे, ऐकून आहे. आणि त्याला सगळं दिसतं?”

“सगळं. काळोख्या रात्री काळ्या दगडावरची काळी मुंगीसुद्धा.”

बुधवारी तर लख्ख ऊन होतं. मी चिठ्ठीवर लिहिलं: पळवाट नाही.

“दुसरं, फरिश्ते. देवदूत म्हण. ते नजरेला पडत नाहीत आणि सांगितलेलं काम चुकवत नाहीत. प्रत्येक माणसाबरोबर दोन लिहिणारे असतात. उजव्या बाजूचा चांगलं लिहितो, डाव्या बाजूचा वाईट.”

माझा डावा खांदा उगाचच जड वाटायला लागला. तिथला बिचारा कालपासून मान वर न करता लिहीत असणार.

मास्तरने कात्री चालवली. “तिसरं, किताबं. अल्लाहने वेळोवेळी माणसांसाठी ग्रंथ पाठवले. तौरात, जबूर, इंजील आणि शेवटचं कुरआन. चौथं, पैगंबर. आदमपासून सुरुवात. नूह, इब्राहीम, मूसा, ईसा, असे कितीतरी आले आणि शेवटचे मुहम्मद पैगंबर. सगळे माणसंच बरं का. आम्ही त्यांना जिवापलीकडे मानतो, पण नमाज पढतो ती फक्त अल्लाहची. प्रत्येक लोकसमूहाकडे सांगणारा पाठवलेला आहे, असं कुरआनात आहे.”

“आमच्याकडेही आला असेल?”

“आला असेल. तू नसशील ऐकलं. तुला कुठे सवय आहे?”

हे तो सहज बोलला, पण मला चांगलंच लागलं.

“पाचवं, शेवटचा दिवस. सगळे मेलेले पुन्हा उठणार आणि प्रत्येकाला जाब द्यावा लागणार. कणाएवढं चांगलं केलं असेल तर ते दिसेल, कणाएवढं वाईट केलं असेल तर तेही दिसेल.”

“सेलाएवढं?” मी विचारलं.

“काय?”

“काही नाही. पुढे सांग.”

“सहावं, तकदीर. जे होतं ते अल्लाहला आधीच माहीत असतं आणि त्याच्या मर्जीबाहेर काही घडत नाही.”

मी स्टुलावरून जवळजवळ उडालोच. सापडली पळवाट! “म्हणजे त्या माणसाने सेल घातले ते आधीच ठरलेलं होतं! त्यात त्याचा काय दोष?”

मास्तरने कात्री उचलून माझ्यासमोर धरली. “ही कुणाच्या हातात आहे? माझ्या. कापड वाकडं कापलं तर गिऱ्हाइकाला सांगू, भाऊ, तुझं नशीब? उंट आधी बांधायचा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवायचा, असं पैगंबरांनी सांगून ठेवलंय. तकदीर म्हणजे जे हातात नाही त्याचं दुःख करत बसू नकोस. जे हातात आहे त्यातून अंग काढून घे, असा अर्थ नाही.”

मग त्याने डाव्या हाताची पाच बोटं मोजून दाखवली. अंगठ्याला साक्ष: अल्लाहशिवाय दुसरा ईश्वर नाही आणि मुहम्मद त्याचे पैगंबर. मग नमाज, मग वर्षातून एक महिना रोजे, मग जकात म्हणजे आपल्या जवळच्यातला ठरलेला वाटा गरजवंताला देणं, आणि करंगळीला हज, ज्याला झेपेल त्याने आयुष्यात एकदा. “हे करायचं, आणि ते सहा मानायचं. एवढंच आहे बघ. सांगायला एक चहा लागतो, करायला जन्म.”

“आणि चूक झाली तर?” आता मी पळवाट शोधत नव्हतो. खरोखर विचारत होतो.

“मनापासून माफी मागायची. अल्लाह माफ करणारा आहे. पण एक आहे हां. तुझी चूक त्याच्या आणि तुझ्यातली असेल तर तो माफ करेल. तू माणसाचं नुकसान केलं असशील तर आधी त्या माणसाकडे जावं लागतं. तिथे वरून शिफारस चालत नाही.”

संध्याकाळी बायकोसमोर सगळ्या चिठ्ठ्या मांडल्या आणि कबूल केलं. ती आधी पोट धरून हसली आणि मग एकदम गंभीर झाली. “आणि उद्या बैठकीत तुम्ही काय करणार?”

म्हटलं, “मी विचार केलाय. एक निनावी पत्र लिहावं. त्यात ह्या सहा गोष्टींचा दाखला देऊन, क्षमा कशी श्रेष्ठ ते पटवून—”

“उंट बांधायचा राहिला आणि तुम्ही उंटावरून शेळ्या हाकताय! एक म्हातारा तुमच्यासाठी खोली गमावतोय आणि तुम्ही पत्राचा मसुदा करताय. लाज वाटू दे.”

लाज वाटत होती. तेवढं एक काम मी कुणी न सांगता आणि बरोबर करत होतो.

शुक्रवारी नमाज संपेपर्यंत मी मशिदीबाहेर चपलांजवळ उभा राहिलो. खिशात भाषण होतं, सहा मुद्दे क्रमाने लिहिलेलं. गर्दी पांगली, बैठकीला पंधरा-वीस माणसं आत उरली. मी बूट काढले तेव्हा कळलं की डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलाय. तसाच आत गेलो. फळ्यावर चादर टाकली होती. पुरावा म्हणून त्याला कुणी हात लावायचा नव्हता. चादरीमागून टिकटिक ऐकू येत होती. माझं काम चोख होतं, ह्यात शंका नाही.

अध्यक्ष टायरचे व्यापारी, आवाज मोठा. ते म्हणत होते, “प्रश्न माणुसकीचा नाही, जबाबदारीचा आहे.” बांगीसाहेब भिंतीला टेकून, मान खाली घालून बसले होते. बाजूला मास्तर, त्याच्या शेजारी चाचा.

मी खिशातलं भाषण काढलं. उलगडलं आणि पुन्हा घडी घालून खिशात ठेवलं. शेवटी म्हणालो, “मी केलं.”

“काय केलं?”

“सेल. घड्याळं बंद दिसली म्हणून चालू केली. बांगीसाहेबांना माहीतही नव्हतं, ते गच्चीवर होते. त्यांनी एकच घड्याळ सांगितलं होतं. बाकीची मी न विचारता केली.”

मग मागून कुणीतरी हसलं आणि सगळेच हसायला लागले. मास्तर मात्र हसला नाही. “तू?” तो म्हणाला. “म्हणजे काल माझ्याकडून सगळा दीन-धर्म शिकलास तो ह्यासाठी?” मी मान हलवली. माझ्याने त्याच्याकडे बघवेना.

अध्यक्ष बांगीसाहेबांकडे वळले. “मग तुम्ही नाव का नाही सांगितलंत?”

बांगीसाहेब आपल्या त्या हळू आवाजात म्हणाले, “बोलावल्यावर ते लगेच आले. मजुरीही घेतली नाही. अशा माणसाचं नाव चारचौघांत कसं घेऊ? जो दुसऱ्याची चूक झाकतो, त्याची अल्लाह झाकतो.”

अध्यक्ष जरा नरमले, पण हटले नाहीत. “चुकीचे काटे तर ह्यांनीही तपासले नाहीत ना? आणि चाचांची जमात? एकोणीस वर्षांची? ती कोण भरून देणार?”

सगळे चाचांकडे बघायला लागले. चाचांना ह्यातलं एक अक्षर ऐकू आलेलं नव्हतं. ते लोकांच्या तोंडांकडे बघत शांत बसले होते. म्हणजे मला पुन्हा कबूल करावं लागणार होतं, तेही ओरडून. मी त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसलो आणि म्हणालो, “चाचा, तुमची जमात माझ्यामुळे चुकली.”

चाचांनी कानामागे हात धरला.

“चाचा, घड्याळांत मी सेल घातले!”

त्यांनी कान आणखी जवळ आणला. मग मी सगळी ताकद लावून ओरडलो, “मी मूर्खपणा केला, चाचा! माझ्यामुळे तुमची जमात चुकली! मला माफ करा!” रस्त्यावरची माणसं दारात येऊन उभी राहिली. जन्मभर ज्या बाजाराला न विचारता वेळ सांगितली, त्याच बाजाराला मी आता माझी लायकी ओरडून सांगत होतो.

चाचांना कळलं. त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग बोलले. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

“एकोणीस वर्षं. मी मोजत होतो.” ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज असतो तसा मोठा, सपाट आवाज. “कुणाला सांगितलं नाही, पण रोज मोजत होतो. आणि रांगेत कोण कोण आलं नाही, तेही मोजत होतो. हा नाही आला, तो उशिरा आला. माझा मुलगासुद्धा. मनात म्हणायचो, मी आहे. बुधवारी इथे एकटा उभा राहिलो. मोजायला दुसरं कुणीच नव्हतं. तेव्हा कळलं, एवढी वर्षं माझं अर्धं लक्ष कुठे होतं ते. खूप वाईट वाटलं. अजून वाटतंय. पण ते तुझ्यामुळे नाही.”

मास्तरने चेहरा भिंतीकडे वळवला.

“तू इथे काय करायला आला होतास?” चाचांनी विचारलं.

“दुरुस्त करायला!” मी ओरडलो.

“मग तुझ्या नावाने तेवढंच लिहिलं असेल. काम नियतवर, म्हणजे मनातल्या हेतूवर, तोललं जातं. आणि मीही जमातीसाठीच घरून निघालो होतो. माझंही तेच लिहिलं असेल.” ते अध्यक्षांकडे वळले. “शाळेत मी दोनदा चुकीच्या वेळी घंटा दिली. पोरं खूश झाली. हेडमास्तरांनी मला ठेवलं. ह्यांना काढायचं असेल तर त्यांच्या खोलीत मी राहायला जाईन आणि बांग देईन. बघा, मला ऐकू येत नाही, कुठल्याही वेळी देईन.”

आता अध्यक्षही हसले. बांगीसाहेबांनी डोळे पुसले. विषय तिथेच मिटला, कुणी ठराव वगैरे केला नाही.

मी चादर काढली आणि सहाही घड्याळांतले सेल काढून खिशात टाकले. बांगीसाहेब वेळा सांगत गेले, मी काटे लावत गेलो. सव्वापाचचं लावताना चाचा मागे उभे होते. ते लावून झाल्यावर ते म्हणाले, “माझा आता ह्या फळ्यावर भरवसा नाही. मास्तरचं मशीन चालू असलं की त्यालाच बांग ऐकू येत नाही, तो मला काय सांगणार? तुझं नाव राइट टाइम ना? बांग झाली की तू मला सांगत जा.”

परत येताना मास्तर माझ्या दोन पावलं पुढे चालत होता. दुकानाशी आल्यावर म्हणाला, “अकलेचा कांदा म्हणालो होतो, ते मागे घेत नाही.” आणि मोजा काढ म्हणाला. उभ्या उभ्या त्याने त्याला दोन टाके घातले.

तेव्हापासून मी बांग ऐकतो. सुरुवातीला चुकेल म्हणून धास्तीने दहा मिनिटं आधीपासून कान देऊन बसायचो, हातातलं काम तसंच राहायचं. आता सवय झालीय. पहिला सूर निघाला की डोळ्यावरचं भिंग काढतो, बाहेर येतो आणि चाचांच्या खांद्यावर हात ठेवतो. उजव्या; डाव्या बाजूच्या लिहिणाऱ्याला माझ्यामुळे आधीच पुष्कळ काम झालंय. चाचा माझ्या हातावर थोपटतात आणि काठी टेकत निघतात. बावीस वर्षं मी ह्या बाजारात वेळ सांगत आलो. सांगत जा, असं मला म्हणणारे ते पहिलेच.